फेरडबा

“अहो, आज कुणाच्या वाट्याला गेला आपला डबा?” पिशवी हातात घेता घेता सुमतीबाईंनी विचारलं.

“सातवीतल्या दीपेशच्या,” प्रभाकर सर चपला काढत म्हणाले.

“सगळा खाल्ला त्याने?”

“पुसून!”

सुमतीबाईंनी पितळी डब्याची कडी काढली आणि पुडं वेगळी केली. दुधीची भाजी गेली होती, मुगाचं वरण गेलं होतं, पोळीचा तुकडासुद्धा शिल्लक नव्हता. त्या रिकाम्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. “सगळा?” त्यांनी पुन्हा एकदा विचारलं आणि मग स्वतःशीच हसत डबा घासायला घेतला. त्या दिवशी भांडी घासताना त्या गुणगुणत होत्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण सरांना आपली बायको गुणगुणते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

प्रभाकर सर ज्या समभाव विद्यामंदिराचे मुख्याध्यापक होते, ते भिवंडीत खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. दोन्ही अंगांना यंत्रमागांचे कारखाने आणि मधे शाळा. सकाळपासून खटाक-खटाक सुरू व्हायचं, ते वीज जाईपर्यंत थांबायचं नाही. त्या आवाजावर आवाज चढवून शिकवण्यात सरांची हयात गेली होती, त्यामुळे त्यांना घरीही हळू बोलता येत नसे. ते बायकोकडे चहा मागत, तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातही आधण चढत असे.

शाळा साधी, पण सरांना मूल्यांचं भारी वेड. इतर शाळांत मूल्यं भिंतीवर रंगवतात आणि पुढच्या दिवाळीला त्यांच्यावर चुना मारतात. सरांना ते पटत नसे. मूल्य म्हणजे पोटात गेलं पाहिजे, असं ते म्हणत, आणि त्यांनी ते खरोखरच पोटात घालायचं ठरवलं होतं. झालं असं की, मधल्या सुट्टीत मुलं कंपू करून जेवतात, हे त्यांच्या लक्षात आलं. गोदामवाल्यांची मुलं एकीकडे, मागवाल्या कामगारांची दुसरीकडे, आणि ज्यांच्या डब्यात नुसता पाव असे ती जिन्याखाली. सरांनी फेरडबा सुरू केला. सगळ्यांनी पटांगणात गोल बसायचं, शिक्षकांनीसुद्धा. डबे उजवीकडे सरकवत राहायचे. सरांनी टाळी वाजवली की हातात असेल तो डबा आपला. आपण आणलेला डबा आपण खायचा नाही, ताटातलं टाकायचं नाही आणि अन्नाला नावं ठेवायची नाहीत, असे तीन नियम.

डबा सगळ्यांना चालावा म्हणून त्यात मासळी-मटण आणायचं नाही असंही ठरलं. त्यावर वळ गावाहून येणाऱ्या करिष्माच्या आजीने, कमळबाईंनी, शाळेत येऊन विचारलं होतं, “मंग डब्यान घालू तरी काय गुरुजी, पाला?” पण दुसऱ्या दिवशीपासून त्यांच्या घरून तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं येऊ लागलं आणि ज्याच्या हाती ते लागे, तो दिवसभर हसतमुख असे. खुद्द सरांच्या पट्ट्याला त्या वर्षी एक भोक नव्याने पाडावं लागलं.

आता सरांच्या घरच्या डब्याबद्दल. सुमतीबाई सुगरण नव्हत्या असं म्हणायची सोय नव्हती, कारण ते म्हणायला कुणीतरी चव सांगायला हवी, आणि त्या घरात चव सांगायची पद्धतच नव्हती. सरांचे वडीलही शिक्षक. ‘आज अन्नाला नाव ठेवेल तो उद्या माणसाला ठेवेल,’ हे त्यांचं वाक्य. त्यामुळे पानात काहीही पडो, सर चार घास खाऊन “छान झालंय” म्हणत. हजेरीला मुलं ज्या आवाजात ‘हजर’ म्हणतात, त्याच आवाजात. भाजी अळणी असे, आमटी अळणी असे, उसळीला मिरची दाखवलेली असे इतकंच. एकुलता एक मुलगा गंधार पुण्याला हॉस्टेलवर गेला आणि पहिल्याच फोनवर “मेसचं जेवण काय सुरेख आहे, बाबा!” म्हणाला. मेसच्या जेवणाला सुरेख म्हणणारा तो बहुधा त्या हॉस्टेलातला पहिलाच मुलगा.

फेरडब्यात शिक्षकांचेही डबे फिरत, तसा सरांचा पितळी डबाही फिरू लागला. बाकीचे डबे स्टीलचे, हा एकटा पिवळाधमक. थोड्याच दिवसांत गोलात एक चमत्कार दिसू लागला. डबे एरवी आरामात सरकत. पण पितळी डबा जवळ आला की त्या भागात वारं शिरल्यासारखं होई. हातातून हात, हातातून हात, तापलेला तवा असावा तसा तो पुढे जाई. सरांना कौतुक वाटलं. “मुलांची चपळाई वाढलीय,” ते नव्या निवेदिता बाईंना म्हणाले.

“हो, सर,” निवेदिता बाई म्हणाल्या. आदल्याच दिवशी टाळीच्या क्षणी तो डबा त्यांच्या मांडीवर होता.

“काल तुम्हाला आमचा डबा मिळाला ना? कसा होता?”

निवेदिता बाईंनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं. “सात्त्विक होता, सर.”

दीपेशलाही सरांनी विचारून पाहिलं. “सर, पूरा संपवला,” दीपेश म्हणाला.

“ते झालं. आवडला का?”

“सर, अन्नाला नावं ठेवायची नाय ना?”

इतकं चोख उत्तर ऐकून कोणताही मुख्याध्यापक सुखावला असता. सर सुखावले, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते उत्तर दाताखाली खडा यावा तसं अधूनमधून कचकचत राहिलं.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. रोज रिकामा येणारा डबा बघून सुमतीबाईंच्या अंगात नवं बळ आलं होतं. त्या एकाच्या जागी दोन डबे देऊ लागल्या. मग, काही मुलं नुसता पाव आणतात हे कळल्यावर चार. पितळी एकच होता, पण मुलं काही दुधखुळी नव्हती. सरांच्या कापडी पिशवीतून निघेल तो डबा त्यांनी तोंडपाठ केला होता. पूर्वी रोज एकाचा बळी जाई, आता चौघांचा जाऊ लागला.

मग एका दुपारी सर सातवीला भूमिती शिकवत होते. “कंपासपेट्या काढा,” ते माग ओलांडून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. कुणी काढेना. सरांनी पहिल्या बाकावरच्या मितेशची पेटी स्वतः उघडली. कर्कटक नव्हतं. कर्कटकाच्या जागी कागदाची छोटी पुडी होती. सरांनी वास घेतला आणि त्यांना सणसणीत शिंक आली. दुसऱ्या पेटीत मीठ निघालं. तिसरीत मीठ आणि तिखट दोन्ही, मधे घडी घातलेला कागद.

“हे काय आहे?” सर गरजले.

करिष्मा उभी राहिली. करिष्मा ही कमळबाईंची नात आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष रामनाथ पाटील यांचीही. उभी राहायला ती घाबरत नसे.

“सर, ते डब्यासाठी हाय.”

“म्हणजे तुम्ही अन्नाला नावं ठेवता!”

“न्हाय, सर. नाव कोण ठेवतंय? मीठ घालणं म्हंजे नाव ठेवणं न्हाय, ती मदत हाय.”

इतकी वर्षं ते मुलांना स्वतः विचार करायला शिकवत होते, आणि मुलगी करून बसली होती. पुड्या जप्त कराव्यात, तर का जप्त केल्या ते सांगावं लागणार. कुणाच्या डब्यासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर करिष्माने खरं सांगितलं असतं, कारण खरं बोलायचं हेही त्याच शाळेचं मूल्य होतं.

“त्रिकोण काढा,” ते म्हणाले. बऱ्याच जणांनी तो पट्टीने काढला.

त्या संध्याकाळी सर घरी निघाले ते निश्चय करूनच. सांगायचं. चार शब्दांचं काम. सुमती, भाजी अळणी असते. पण दार उघडलं ते सुमतीबाईंनी, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की सरांचे चार शब्द उंबऱ्याबाहेरच राहिले.

“अहो, मी ठरवलंय,” त्या म्हणाल्या. “यंदा स्नेहसंमेलनाचं जेवण मी करणार. सगळ्या शाळेचं! पालकांचं पण!”

“सगळ्या...? अगं, आचारी आहे की.”

“आचारी कशाला? पोरं एवढी आवडीने खातात माझ्या हाताचं. गंधारला फोनवर सांगितलं मी मघाशी.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. लाईनच गेली मेली.”

लाईन गेली नसणार, हे त्यांना बापाच्या अंतःकरणाने कळलं. “सुमती, ती भाजी...” त्यांनी एकदा सुरुवात केली.

“दुधीचीच करणार! तीच संपते ना सगळ्यांत आधी?”

संपते खरी. सर काय बोलणार? ज्या बाईच्या हातच्या अन्नाला बावीस वर्षांत मनापासून एक शब्द मिळाला नव्हता, तिला आता कुठे रिकाम्या डब्यांतून कौतुक मिळू लागलं होतं. ते खोटं होतं. पण ते काढून घ्यायचं म्हणजे तिच्या तोंडचा घास काढून घेण्यासारखं. सांगावं तर ती मोडेल आणि न सांगावं तर साऱ्या गावासमोर मोडेल. सरांनी संमेलनापर्यंतचे दिवस कसेबसे काढले.

संमेलनाच्या दिवशी पटांगणात चुली पेटल्या. सुमतीबाई पदर खोचून, हातात नवा डाव घेऊन उभ्या होत्या. मदतीला आलेल्या बायकांना त्या बजावत होत्या, “मीठ बेताचं घाला हं. पोरांना असंच आवडतं.” देवीला नैवेद्य दाखवायचा असल्यामुळे कुणी काही चाखून बघण्याचा प्रश्न नव्हता. पंगती बसल्या. पहिल्या पंगतीत अध्यक्ष रामनाथ, शेजारी नात करिष्मा, समोर प्रभाकर सर. दोन्ही बाजूंचे माग दणक्यात चालू. भाजी आली, वरण-भात आला, पुऱ्या आल्या. जिलबी तेवढी बाजारातून आणली होती, आणि तिच्याकडे सर आशेने बघत होते.

पहिला घास घेऊन रामनाथ थांबले. त्यांनी पानात काही राहून गेलंय का ते पाहिलं. मिठाची चिमूट वाढायचीही राहून गेली होती. तेवढ्यात पंगतीतून एक विलक्षण आवाज आला. पोरांनी एकाच वेळी खिशातून पुड्या काढल्या होत्या आणि कागद उलगडत होते. पालक बघतच राहिले. रामनाथ नातीकडे झुकून म्हणाले, “दे गो इकडं जराशी.”

आणि नेमक्या त्याच वेळी सुमतीबाई भाजीचं पातेलं घेऊन तिथे आल्या.

“करिष्मा, काय आहे ते पुडीत?”

“मीठ.”

“कशाला गं?” सुमतीबाई अजूनही हसतच होत्या. “खरं सांग बाळा. आवडत नाही का तुला भाजी?”

करिष्माने सरांकडे पाहिलं. ती घाबरली नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. खरं बोलायचं हे सरांनीच शिकवलं होतं, नावं ठेवायची नाहीत हेही सरांनीच. आता यातलं कुठलं मोडू, असं ती नजरेनेच विचारत होती. प्रभाकर सरांना एकदम स्वतःची लाज वाटली. जे ओझं आपल्याला बावीस वर्षांत उचलवलं नाही, ते आपण सातवीतल्या मुलीच्या डोक्यावर ठेवतोय. ते पानावरून उठले.

“तिला विचारू नकोस!” मागांच्या खडखडाटावर आवाज चढवत ते सवयीने ओरडले. “मी सांगतो! भाजी...”

आणि वीज गेली. दोन्हीकडचे माग एका झटक्यात थांबले.

“...अळणी आहे!”

ते दोन शब्द अख्ख्या पटांगणात दुमदुमले, समोरच्या भिंतीवर आपटले आणि परत आले. वीज गेली म्हणून हवा खायला उठलेले मागवाले भिंतीवरून डोकावले. “क्या हो गया, मास्टरजी?” एकाने काळजीने विचारलं.

सुमतीबाईंनी पातेलं खाली ठेवलं. “आजची?” त्यांनी हळूच विचारलं. इतकी शांतता होती की शेवटच्या पंगतीलाही ते ऐकू गेलं.

सरांना आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलता आलं. “आजचीही,” ते म्हणाले. “नेहमीचीच.”

आता रडतील, असं वाटून निवेदिता बाई पुढे झाल्या. पण सुमतीबाई रडल्या नाहीत. त्या कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

“म्हणजे तुम्हाला अळणी आवडत नाही?”

“कुणाला आवडेल, सुमती?”

“अहो, मग मी कुणासाठी करत होते?” त्यांचा आवाज आता सरांच्या तोडीचा लागला. “लग्नानंतरच्या पहिल्या दिवशी मी घाबरून भाजीत मीठ घालायला विसरले. माझी बोबडी वळली होती. मामंजी म्हणाले ‘उत्तम’. तुम्ही म्हणालात ‘छान झालंय’. सासूबाईंनी तर दुसऱ्यांदा वाढून घेतली. मी म्हटलं, या घराण्यातच असं खातात! तेव्हापासून जीव मारून अळणी करतेय. तुमची पानं झाली की मी आत बसून लोणच्याबरोबर जेवत होते, रोज! आणि पोरंही पुसून खातात म्हटल्यावर मला वाटलं, माझीच जीभ बिघडलीय. दिवाळीपासून मी लोणचंसुद्धा सोडलं!”

रामनाथ पाटलांच्या पोटातून जे हसू उसळलं, ते त्यांना आवरेना. “गुरुजी,” ते डोळे पुसत म्हणाले, “आमच्या बापाचं मिठागर व्हतं खाडीला. सात पिढ्या मिठान गेल्या आमच्या. गाडीभर मीठ आणून टाकलं असतं तुमच्या दारान. नुसतं तोंड उघडायचं व्हतं!”

मग सगळंच पटांगण हसलं, भिंतीवरचे मागवालेही हसले. कमळबाई उठल्या, सुमतीबाईंना हाताला धरून चुलीकडे घेऊन गेल्या, आणि थोड्या वेळाने भाजी फोडणी पालटून पुन्हा पंगतीत आली. लोकांनी मागून मागून खाल्ली. करिष्मा तेवढी अजून विचारात होती.

“सर, मंग आता नियम कुठला?” तिने विचारलं.

सरांनी खूप विचार केला. “सोमवारी बोलू,” ते म्हणाले.

दोघं रिक्षाने घरी परतली. आपण अन्नाला कधी नाव ठेवलं नाही, याचा सरांना आजवर अभिमान होता. आज पहिल्यांदाच त्यांना वाटलं की, नावं न ठेवण्याच्या नावाखाली आपण त्या अन्नाकडे आणि ते करणारीकडे कधी नीट लक्षच दिलं नाही. शाळेत साऱ्या जातीपातींचे डबे एका गोलात फिरवणाऱ्या माणसाने घरातली दोन ताटं कधी शेजारी-शेजारी मांडली नव्हती. आत बसून कुणीतरी एकटं लोणच्याशी जेवतंय, हे मग कळणार कसं?

रात्री सुमतीबाईंनी पिठलं केलं. सर पाटावर बसता बसता उठले, फळीवरून दुसरं ताट काढलं आणि आपल्या ताटाशेजारी ठेवलं. सुमतीबाईंनी ते पाहिलं. त्या शेजारी बसल्या, दोन्ही ताटांत वाढलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

सरांनी घास घेतला. ‘छान झालंय’ हे शब्द सवयीने जिभेच्या टोकावर आले. त्यांनी ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळले. इन्स्पेक्टरसमोरही कधी झाली नव्हती इतकी धडधड त्यांच्या छातीत होत होती.

“तिखट,” ते म्हणाले, “जरा जास्त झालंय.”

सुमतीबाईंनी स्वतःच्या ताटातला घास घेतला. सावकाश चावला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

“झालंय खरं,” त्या म्हणाल्या. “उद्या कमी घालीन.” हे असं त्या घरात रोजच बोललं जात असावं, अशा सहजपणे त्या बोलल्या, आणि त्यांनी दोघांच्याही ताटांत भात वाढला.